सात क्रेडिटपायी गेलेली नोकरी

निकाल लागला त्या दुपारी वर्गाच्या ग्रुपवर एकामागून एक गुणपत्रकं येत होती आणि माझ्या नावापुढे 'निकाल राखीव' होतं. बी.फार्म.च्या आठव्या सेमिस्टरचे सगळे विषय सुटलेले, प्रोजेक्ट जमा, मागे एकाही सेमिस्टरमध्ये एटीकेटी नाही. मग राखीव कशासाठी?

कॉलेजच्या ऑफिसात म्हणाले, "विद्यापीठात विचार." दुसऱ्या दिवशी एसटीने विद्यापीठ गाठलं. परीक्षा विभागातल्या मॅडमनी स्क्रीनकडे बघतच विचारलं, "डी.फार्म. करून थेट दुसऱ्या वर्षाला आलीस ना? कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सचे गुण कॉलेजकडून आलेलेच नाहीत."

पायाखालची जमीन सरकली. कारण त्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. "विद्यापीठाचा पेपर नसतो, किरकोळ विषय आहेत," असं सांगून कॉलेजने त्या एका दुपारी उरकल्या होत्या. त्या उत्तरपत्रिकांचं पुढे काय झालं, ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

नियम असा आहे. डी.फार्म. करून तिसऱ्या सेमिस्टरला येणाऱ्याला आधीच्या अभ्यासाचे ५२ क्रेडिट मिळतात. हे दोन विषय, थिअरी आणि प्रॅक्टिकलसकट, जादा करावे लागतात: एकाचे ३ क्रेडिट, दुसऱ्याचे ४. तेव्हा कुठे पहिल्या दोन सेमिस्टरचे ५९ भरतात. परीक्षा कॉलेज घेतं, पण गुण विद्यापीठाकडे जावे लागतात. ते गेले नाहीत तर पदवीच अडते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलं आहे. मी ती पहिल्यांदा वाचली ती निकाल अडकल्यावर.

बाबा शेतातली कोळपणी सोडून कॉलेजात आले. त्यांच्यासमोर सर म्हणाले, "मुलीने स्वतः लक्ष द्यायला हवं होतं." आम्ही थेट दुसऱ्या वर्षाला आलेले सहा जण होतो आणि सहाही जणांचे निकाल अडकले होते. सहाही जणांनी लक्ष दिलं नाही? बाबा काही बोलले नाहीत, पण ते वाक्य मला अजून टोचतं. पुन्हा परीक्षा झाली, गुण गेले, निकाल लागला. तोवर दोन महिने उलटले होते. वाळूजच्या कंपनीतली माझ्यासाठी ठरलेली क्वालिटी कंट्रोलची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती.

म्हणून डिप्लोमा करून येणाऱ्यांना सांगते, या दोन विषयांची परीक्षा दिली की हजेरीपत्रकावरच्या आपल्या सहीचा फोटो काढा. महिन्याभराने गुण पाठवल्याचं पत्र मागा. तोंडी "पाठवले" ऐकून परत फिरू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. माझ्याकडे असा एक कागद असता, तर बाबांना मान खाली घालावी लागली नसती.

बाकीच्यांनीही हिशेब ठेवावा. हजेरी प्रत्येक विषयात ८० टक्के लागते, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं. पहिल्या दोन सेमिस्टरचा एकही विषय राहिला तर पाचव्याला बसता येत नाही. चौथ्यापर्यंतचं सगळं सुटल्याशिवाय सातवं नाही. सहाव्या सेमिस्टरनंतर चार आठवड्यांत मिळून १५० तासांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतं. त्याचं प्रमाणपत्र सातवं सुरू होण्याआधी हातात हवं, आणि कंपन्यांतल्या जागा उन्हाळ्यात लवकर भरतात, म्हणून जानेवारीपासूनच विचारायला लागा. सेशनलचा अभ्यास वेळेवर करा, हे तर सगळेच सांगतात, मीही सांगते.

माझ्याकडे डी.फार्म.ची नोंदणी होती, म्हणून गावातल्या मेडिकलवर बसून ते दोन महिने काढता आले. थेट बारावीनंतर बी.फार्म.ला आलेल्याला तोही आधार नसतो. पदवीला किमान २०८ क्रेडिट लागतात. दर सेमिस्टरला आपले किती भरले, ते स्वतः मोजा आणि विद्यापीठाच्या नोंदीशी ताडून पाहा. तुमच्यासाठी दुसरं कोणी ते मोजत नाही.