मडगार्डवरचे एरियलचे भोक



जुन्या प्रीमियर पद्मिनीत रेडिओ बहुतेक वेळा गाडी घरी आल्यानंतर बसवला जाई. त्याचे एरियल पुढच्या मडगार्डच्या माथ्यावर उभे राही. त्यासाठीचे भोक कारखान्याच्या साच्यातले नसून रेडिओ बसवणाऱ्याच्या ड्रिलचे असे. म्हणूनच ते कधी जरा पुढे, कधी जरा मागे, तर कधी चक्क वेडेवाकडे कापलेले सापडते. व्यास सहसा २० ते २५ मिलिमीटर. एरियल मोडले, रेडिओ गेला, की मागे हे भोक उरते. कोणी त्यात रबरी बूच ठोकतो, कोणी हाताला लागेल ती लांबी (पुट्टी) थापतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी त्याच्या कडेने रंग फुगू लागतो.

रंग नेमका तिथेच का फुगतो, याचे उत्तर एरियलच्या बैठकीत आहे. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी ३ मीटर असते. एरियलची दांडी तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर असली की चांगली चालते. मात्र दांडी एकटी काम करत नाही; गाडीचा पत्रा हा तिचा जोडीदार असतो, आणि त्याच्याशी पक्के अर्थिंग मिळाले नाही तर रेडिओत खरखर येते. म्हणून एरियलच्या बुडाच्या वायसरला दात असतात आणि भोकाच्या खालच्या बाजूचा रंग मुद्दाम खरवडलेला असतो. आवाज स्वच्छ यावा म्हणून उघडा केलेला हा पत्रा चाकाने उडवलेल्या चिखलपाण्याच्या ऐन माऱ्यात येतो. किनाऱ्यालगतच्या गावांत खारी हवा त्यात भर घालते. भोक वरून दिसते, दुखणे मात्र खालून सुरू झालेले असते.

त्यामुळे कामाची सुरुवात चाक काढून करावी. मडगार्डच्या पोटात साठलेला चिखल पाण्याने धुऊन काढावा, मडगार्ड वाळू द्यावा आणि वायर ब्रशने भोकाभोवतीचा पत्रा उजळावा. टोच्याने कडेकडेने दाबून पाहावे. टोच्या आत गेला तर तिथला पत्रा संपला आहे असे समजावे. वरच्या बाजूने लोहचुंबक फिरवावा. तो जिथे नीट चिकटत नाही तिथे आधीच कोणीतरी लांबी भरून ठेवली आहे, आणि ती पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. भोक २० मिलिमीटरचे दिसत असले, तरी गंजलेली कड कापून निरोगी पत्रा लागेपर्यंत ते ४० मिलिमीटरचे होऊ शकते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. गंज राखून केलेली दुरुस्ती टिकत नाही.

भोक कायमचे बुजवायचे की नाही, हाही एक प्रश्न असतो. पत्रा धड असेल आणि पुढेमागे त्या काळातला रेडिओ परत बसवायचा बेत असेल, तर भोकाच्या कडेला इपॉक्सी प्रायमर लावून मापाचे रबरी बूच बसवणे पुरेसे आहे. बुचाखाली थोडे सीलंट असावे आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते काढून पाहावे. रेडिओ हवा पण दांडी नको, असे असेल तर काचेला आतून चिकटणारे एरियल मिळते. ते दांडीइतके चांगले नसते, पण शहरात चालून जाते. बाकी सगळ्यांनी भोक बुजवावे, आणि ते पत्र्यानेच बुजवावे.

नुसत्या लांबीने भोक भरू नये. पॉलिएस्टरची लांबी पातळ थरासाठी असते. २ ते ३ मिलिमीटरपलीकडे तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. भोकाला तळ नसल्यामुळे ती केवळ कडेला चिकटून लोंबत राहते. तिच्यातली शंखजिऱ्याची पूड ओल शोषून घेते, आणि इथे तर खालून पाण्याचा सतत मारा. शिवाय उन्हात पत्रा आणि लांबी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. गाडीच्या हादऱ्यांनी जोड सैल होतो, आधी रंगावर एक बारीक वर्तुळ उमटते आणि मग ते तडकते. खालून जाळी लावून वर लांबी भरणारे मिस्त्री आहेत. त्यांचे काम गाडी विकेपर्यंत छान दिसते.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्याच जाडीच्या पत्र्याची चकती भोकात बसवून वेल्ड करणे. २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा साधा पोलादी पत्रा या कामाला योग्य. हाताशी असलेला पत्रा आणि मडगार्डचा पत्रा यांची जाडी आधी मोजून घ्यावी. भोक कानशीने गोल करून घ्यावे आणि चकती त्याहून किंचित लहान कापावी, म्हणजे कडेने साधारण पत्र्याच्या जाडीएवढी फट राहते. मडगार्डचा माथा सपाट नसतो, म्हणून चकतीलाही तितकाच बाक द्यावा. ही पाच मिनिटांची मेहनत पुढे तासभर घासणे वाचवते. चकती भोकावर आच्छादून वेल्ड करण्याचा मोह होतो, कारण ते सोपे असते. पण दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी धरून ठेवणारी फट तयार होते आणि गंजाला नवे घर मिळते.

वेल्डिंगसाठी गॅसपेक्षा मिग बरे, ज्याला गॅरेजांत सीओटू वेल्डिंग म्हणतात. गॅसची ज्योत बराच पत्रा तापवते आणि थंड होताना मडगार्डच्या माथ्यावर लाटा येतात; त्या काढायला मुरलेला डेंटर लागतो. मिगची तार ०.६ मिलिमीटरची असावी. आधी बारा, सहा, तीन आणि नऊ वाजण्याच्या जागी एकेक टाका मारावा, मग त्यांच्या मधल्या जागा समोरासमोर भराव्यात. एक टाका मारला की हात लावता येईल इतका थंड होईपर्यंत थांबावे. सलग धार कधीही ओढू नये. पत्रा जळून भोक मोठे होत असेल तर खालून तांब्याचा जाड तुकडा दाबून धरावा. तांबे उष्णता ओढून घेते आणि पोलादाचा टाका त्याला चिकटत नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडावी, आजूबाजूच्या वायरी बाजूला घ्याव्यात, मडगार्डच्या पोटातला डांबरी लेप खरवडून काढावा, कारण तो धुमसून पेट घेतो, आणि पाण्याची बादली व अग्निशामक जवळ ठेवावे. भोक छपरात असेल तर आतले कापडी अस्तर उतरवल्याशिवाय ठिणगी पाडू नये. अलीकडच्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो जळताना निघणाऱ्या धुराने त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो, म्हणून वेल्डिंगच्या जागी जस्त घासून काढावे आणि काम उघड्यावर करावे.

टाके फ्लॅप डिस्कने हलक्या हाताने उतरवावेत. ग्राइंडर एका जागी दाबून धरला तर पत्रा निळा पडतो आणि आकसतो. चकती खाली बसली असेल तर मागे डॉली धरून हातोडीने टाक्यांवर अलगद ठोकावे, म्हणजे आकसलेली धातू पुन्हा पसरते.

वेल्डिंगची सोय नसेल तर खालून चिकटवलेला पत्रा हा दुसरा मार्ग. भोकाच्या चारी बाजूंनी २५ मिलिमीटर पुढे येईल अशी चकती घ्यावी, दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करून थिनरने पुसावेत, आणि दोन भागांचे इपॉक्सी लावून क्लॅम्पने चोवीस तास दाबून ठेवावे. इथे पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंचे कापड वापरण्याची पद्धत आहे. पण पॉलिएस्टर पोलादाला इपॉक्सीइतके धरत नाही, आणि थोडे पैसे वाचवण्यासाठी तो धोका पत्करू नये. पूर्वीचे कारागीर वितळलेल्या शिसे-कथलाने असे खड्डे भरत. ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सियसपासून सुमारे २५५ अंशांपर्यंत लोण्यासारखे मऊ राहते आणि तेल लावलेल्या लाकडी पट्टीने हवे तसे फिरवता येते. काम सुरेख होते आणि ओल धरत नाही. मात्र शिशाची पूड विषारी असल्यामुळे ते घासायचे नसते, कानशीने उतरवायचे असते. फ्लक्सचा अंश धुऊन काढला नाही तर पुढे रंग उचलतो. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

लांबीची खरी जागा आता येते. टाक्यांवरचा उंचसखलपणा झाकायला १ मिलिमीटरचा थर पुरतो. ती उघड्या, खरखरीत पोलादावर किंवा पूर्ण वाळलेल्या इपॉक्सी प्रायमरवर भरावी. रेड ऑक्साइडवर नव्हे. हार्डनर वजनाच्या सुमारे २ टक्के घ्यावा. लवकर वाळावे म्हणून तो जास्त घातला तर त्यातला पेरॉक्साइड वरच्या रंगातून डाग होऊन बाहेर येतो. मेच्या उन्हात मिसळलेली लांबी काही मिनिटांतच घट्ट होते, म्हणून एका वेळी थोडीच कालवावी. ८० नंबरने आकार द्यावा, १८० आणि ३२० ने गुळगुळीत करावे, मग सरफेसर मारून ६०० किंवा ८०० नंबरचा वॉटर पेपर फिरवावा. डोळ्यापेक्षा तळहाताला उंचवटे लवकर कळतात. मध्ये पातळ कापड धरले तर आणखी लवकर.

रंग भोकापुरता गोल मारू नये. एकरंगी पद्मिनीतसुद्धा जुना, उन्हाने उतरलेला रंग आणि नवा रंग एकमेकांत विरत नाहीत. सबंध मडगार्ड त्याच्या कडांपर्यंत रंगवावा, म्हणजे फरक जोडरेषेत लपतो. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असते आणि त्याने दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. हे काम रंगाच्या बूथमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा वापरणाऱ्या पेंटरकडे द्यावे.

वरचा रंग चमकू लागला की बहुतेक जण काम संपले असे धरतात आणि मडगार्डचे पोट जळके, उघडे राहते. तिथे वेल्डिंगची काजळी घासून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत, चकतीच्या कडेने सीलंटची रेघ ओढावी आणि वर अंडरबॉडी लेप मारावा. एरियलची वायर ज्या भोकातून फायरवॉल ओलांडून आत गेली होती, ते भोकही शोधावे. त्यातले ग्रोमेट बहुधा वायर ओढतानाच निघून गेलेले असते, आणि मग पावसाचे पाणी त्या वाटेने पायाखालच्या मॅटमध्ये मुरते. तिथे वेल्डिंगची गरज नसते. मापाचे रबरी बूच, त्याभोवती थोडे सीलंट, आणि बाहेरून नळीने पाणी सोडून आत मॅटखाली हात घालून पाहणे एवढे पुरते.