इमोजी: स्वरूप व वापर

भ्रमणध्वनीवरील मजकुरातला हसरा चेहरा हे संगणकाच्या लेखी चित्र नसून अक्षर होय. जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. २०१० साली युनिकोडच्या ६.० आवृत्तीत अशा शेकडो चिन्हांना, देवनागरी वर्णांप्रमाणेच, स्वतंत्र क्रमांक मिळाले. विंडोज १० वा ११ असलेल्या संगणकावर विंडोजची व टिंबाची कळ एकत्र दाबल्यास त्यांचा तक्ता उघडतो. संकेतस्थळाच्या पानावर ‘यूटीएफ-८’ची नोंद मात्र हवी, अन्यथा इमोजीच काय, मराठी मजकूरही विस्कटू शकतो. जुन्या यंत्रावर नवे चिन्ह नुसती रिकामी चौकट दिसते. दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली तर प्रत्येक चिन्हाचे नाव उच्चारते. दहा फुले म्हणजे दहा वेळा तेच नाव! पुराचा इशारा अथवा लसीकरणाची तारीख म्हणूनच शब्दांत लिहावी. चिन्ह फार तर शेवटी, एखादेच.