लॅपटॉपचा आवाज आणि बाह्य साउंड कार्डाची निवड

आपल्या देशातील अनेक वाचनालयांच्या कपाटांत एक नाजूक ठेवा पडून आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत व्याख्याने, कीर्तने, स्थानिक गायकांच्या मैफली आणि वृद्धांच्या आठवणी कॅसेटींवर उतरवून घेतल्या गेल्या. त्या फितींवरील चुंबकीय थर आता जीर्ण होत चालला आहे आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत आहेत. हा ठेवा संगणकात उतरवून घ्यावा असे एखाद्या ग्रंथपालास वाटले, तर ते योग्यच होय. तो कॅसेट-यंत्रातून एक तार काढतो, लॅपटॉपच्या सॉकेटात खोचतो आणि ध्वनिमुद्रण सुरू करतो. नंतर ऐकू लागावे, तो डाव्या-उजव्या बाजूंचा भेद नाहीसा झालेला असतो, चढ्या स्वरांच्या जागी फाटका आवाज येतो आणि या सर्वांच्या मागे एक अखंड घरघर चाललेली असते. लॅपटॉप तर नवा आणि महागडा. मग असे का व्हावे?

याचे उत्तर मिळविण्यासाठी साउंड कार्ड म्हणजे काय ते प्रथम पाहू. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्या चढउतारांचे विद्युत् दाबाच्या तशाच सलग चढउतारांत रूपांतर करतो. संगणकाला सलगपणा ठाऊक नाही. त्याला केवळ आकडे कळतात. म्हणून हा विद्युत् दाब ठराविक अंतराने पुनःपुन्हा मोजावा लागतो. अशा प्रत्येक मोजमापास नमुना म्हणतात. ध्वनीत सेकंदाला जास्तीत जास्त जितकी कंपने असतील, त्यांच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले, तर त्या आकड्यांतून मूळ ध्वनी जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ मधील आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ मधील लेखनाने हे तत्त्व प्रस्थापित झाले. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांचा ध्वनी ऐकू येतो. यास्तव १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदास ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, असे माप ठरले. विद्युत् दाबाचे आकडे करणारे, आकड्यांचा पुन्हा विद्युत् दाब करणारे आणि त्याला हेडफोन हलविण्याइतके बळ देणारे मंडल म्हणजे साउंड कार्ड.

एके काळी हे खरोखरच एक वेगळे कार्ड असे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे ‘साउंड ब्लास्टर’ १९८९ मध्ये निघाले. ते संगणकाची पेटी उघडून आत बसवावे लागे. पुढे हे काम मुख्य मंडलावरील एका लहानशा चिपकडे आले. नाव मात्र राहिले, आणि आज यूएसबीच्या तारेने जोडावयाच्या अंगठ्याएवढ्या किंवा पुस्तकाएवढ्या डबीलाही आपण साउंड कार्डच म्हणतो.

लॅपटॉपमधील ही चिप मुळात वाईट नसते. दोष बहुधा तिच्या शेजाऱ्यांचा असतो. तिच्यापासून बोटभर अंतरावर संगणकाचा प्रोसेसर सेकंदागणिक कोट्यवधी वेळा कमीअधिक प्रवाह ओढत असतो, विजेचा दाब बदलणारी मंडले सतत उघडझाप करीत असतात आणि या सर्वांच्या परतीच्या प्रवाहाची वाट बऱ्याच अंशी एकच असते. हेडफोन कानाला लावून, काहीही न वाजविता माउस हलवावा. बारीक किरकिर त्याच्या हालचालीबरोबर बदलू लागली, तर ती या शेजाराचीच समजावी. अशा वेळी रूपांतराचे काम पेटीच्या बाहेर नेणे हा सरळ उपाय होय, आणि बाह्य साउंड कार्डाचा खरा उपयोग येथेच आहे.

घरघरीचे मात्र तसे नाही. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे ती ५० किंवा १०० कंपनांच्या खर्जात घुमते. लॅपटॉपचा चार्जर आणि आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर हे दोन्ही तीन पिनांनी भूमीस जोडलेले असतील, तर तारांचे एक मोठे कडे तयार होते व त्यातून नको असलेला प्रवाह वाहतो. यूएसबीची तारही हे कडे पूर्ण करू शकते. म्हणून नवे कार्ड घेऊनही घरघर कायम राहिल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. घरघर थांबली, तर खर्च वाचला.

काही दोष तर कोणत्याही कार्डाच्या आवाक्याबाहेरचे असतात. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपने सेकंदाला सुमारे ६९ होतात. लॅपटॉपचे रुपयाएवढे स्पीकर इतकी मंद कंपने हवेत पुरेशी उमटवूच शकत नाहीत, मग त्यांना आकडे कितीही शुद्ध मिळोत. त्यांच्या बदली बरे स्पीकर जोडणे हाच त्यावर मार्ग. त्याचप्रमाणे ब्लूटूथच्या किंवा यूएसबीच्या हेडफोनमध्ये रूपांतर करणारे मंडल त्याच्या आतच असते. असा हेडफोन वापरणाऱ्याने साउंड कार्ड विकत घेणे म्हणजे विहिरीला रहाट बसवून पाणी नळाचे भरणे होय.

तारेचा हेडफोन असल्यास मात्र संरोधाचा विचार करावा लागतो. प्रत्यावर्ती प्रवाहास होणाऱ्या एकूण अडथळ्यास संरोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. साधे हेडफोन १६ ते ३२ ओहमचे असतात. ध्वनिमुद्रणगृहांतील काही २५० किंवा ३०० ओहमचे. अशांना अधिक विद्युत् दाब लागतो, आणि तो न मिळाल्यास आवाज क्षीण येतो. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. साउंड कार्डालाही स्वतःचा संरोध असतो, आणि दाब दोघांत वाटला जातो. समजा, एका हेडफोनचा संरोध मधल्या स्वरांना ३२ ओहम आणि खर्जाला ६४ ओहम आहे. कार्डाचा संरोधही ३२ ओहम असला, तर मधल्या स्वरांना अर्धा दाब मिळेल आणि खर्जाला दोन तृतीयांश. म्हणजे खर्ज सुमारे अडीच डेसिबेलने फुगेल. तेच कार्डाचा संरोध २ ओहम असता, तर हा फरक पाव डेसिबेलच्या आसपास राहिला असता व कोणाच्या कानास कळला नसता. कार्डाचा संरोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा जाणकारांचा ठोकताळा यातूनच आला आहे. खेदाची गोष्ट ही, की हा उपयुक्त आकडा पुष्कळदा खोक्यावर छापलेला नसतो आणि निरुपयोगी आकडे मोठ्या अक्षरांत झळकतात.

आता आपल्या ग्रंथपालाकडे वळू. त्याच्या लॅपटॉपला एकच सॉकेट आहे. त्यात बसणाऱ्या हेडसेटच्या पिनेवर तीन पट्ट्या दिसतील. त्यांनी तिचे चार भाग होतात. डावा कान, उजवा कान, सामाईक परतीची वाट आणि मायक्रोफोन. बाहेरून आत येण्यास एकच वाट असल्याने डाव्या-उजव्या बाजूंचा भेद तेथेच संपला. शिवाय ही वाट मायक्रोफोनच्या काही मिलिव्होल्टसाठी बेतलेली, आणि कॅसेट-यंत्राच्या ‘लाइन आउट’मधून येणारा दाब एक तृतीयांश व्होल्टच्या घरातला, म्हणजे शंभरपट किंवा त्याहूनही अधिक. आवाज फाटला तो यामुळे. म्हणून या कामासाठी दोन्ही बाजूंचे ‘लाइन इन’ असलेलेच कार्ड घ्यावे. स्वस्त, अंगठ्याएवढ्या कार्डांवरील गुलाबी सॉकेट बहुतेक वेळा एकेरी मायक्रोफोनचेच असते. ऐकण्यासाठी ती उत्तम ठरतील, पण येथे त्यांचा उपयोग नाही. उलट, शाळेला मुलांचे वाचन किंवा नाट्यवाचन चांगल्या कंडेन्सर मायक्रोफोनने मुद्रित करावयाचे असल्यास तीन पिनांचे सॉकेट आणि मायक्रोफोनला ४८ व्होल्ट पुरविण्याची सोय पाहावी.

जाहिरातीत सेकंदास १,९२,००० नमुने आणि ३२ बिट असे आकडे असतात. त्यांना भुलू नये. १६ बिटांत अत्यंत हळू आणि अत्यंत मोठ्या आवाजामधील अंतर सुमारे ९६ डेसिबेलचे मावते. साध्या कॅसेटवर ते ५० ते ६० डेसिबेलच असते. हिशेबाने २४ बिटांत १४४ डेसिबेल मावतात खरे, पण उष्णतेमुळे तारांतील इलेक्ट्रॉनांची जी अखंड खळबळ चालते, तिच्यामुळे चांगली मंडलेही १२० ते १३० डेसिबेलच्या पुढे क्वचितच जातात. त्यापलीकडील बिट केवळ खरखर मोजतात. मग २४ बिट व्यर्थ काय? नाही. मुद्रण करताना आवाजाची पातळी बरीच खाली ठेवता येते आणि अचानक चढलेला स्वर फाटत नाही; हा लाभ ऐकणाऱ्याचा नसून मुद्रण करणाऱ्याचा आहे. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटनाही जुन्या फितींसाठी किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट सुचविते. १,९२,००० नमुन्यांचे २४ बिटांचे मुद्रण तासाला चार गिगाबाइटहून अधिक जागा खाते, तर कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापाचे सुमारे ६३५ मेगाबाइट.

जोडणीची एक गोष्ट विसरू नये. यूएसबी-ध्वनीचे पहिले सर्वमान्य प्रमाण १९९८ मध्ये ठरले, दुसरे २००६ मध्ये. ही प्रमाणे पाळणारे कार्ड निर्मात्याच्या वेगळ्या सॉफ्टवेअरशिवाय चालते. दुसऱ्या प्रमाणाला विंडोजमध्ये अशी सोय २०१७ मध्ये झाली. केरळातील सरकारी शाळांप्रमाणे जेथे लिनक्स वापरतात, तेथे तर हे पाहूनच खरेदी करावी. ज्या कार्डाला निर्मात्याचेच सॉफ्टवेअर लागते, ते निर्मात्याने लक्ष काढून घेताच सुस्थितीत असूनही निकामी होते.

कार्ड आल्यावरही लगेच मौल्यवान कॅसेट लावू नये. यंत्राचे हेड शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडविलेल्या कापसाच्या काडीने पुसून कोरडे होऊ द्यावे, आणि एखाद्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर पातळी अशी ठरवावी, की सर्वांत मोठा आवाज पडद्यावरील शून्याच्या खाली निदान सहा डेसिबेल राहील. जुनी फीत पहिल्या फेरीतच तुटण्याचा संभव असतो. म्हणून त्या पहिल्या फेरीचेच मुद्रण चालू असावे.