विषाणुजन्य मज्जारज्जुविकारात परिघीय मज्जातंतूंची हानी : एक अभ्यास

दोन्ही पाय ताठलेले, चाल ओढती, कंबर दुखते, लघवीची घाई होते व मलावष्टंभ आहे, असा रुग्ण आला की पंगुत्व अथवा कटिगत वात असे निदान होऊन स्नेहन, स्वेदन, बस्ती यांची योजना केली जाते. तळपायाची संवेदना तपासणे मात्र पुष्कळदा राहून जाते. ही उणीव किती महाग पडू शकते, हे एका विषाणुजन्य व्याधीच्या आधारे येथे मांडत आहोत.

व्याधिपरिचय
एचटीएलव्ही-१ या विषाणूचा शोध १९८० साली प्रसिद्ध झाला. १९८५ साली मार्टिनिक बेटावरील अशा पंगुत्वाच्या रुग्णांच्या रक्तात त्याची प्रतिद्रव्ये आढळली. १९८६ साली जपानमधील कागोशिमा येथे ओसामे व सहकाऱ्यांनी तोच विकार वर्णिला. नैऋत्य जपान, कॅरिबियन बेटे, ब्राझील व पेरू येथे हा संसर्ग अधिक आहे. भारतात तो तुरळक आढळतो. मातेचे दूध, शरीरसंबंध व दूषित रक्त हे प्रसाराचे मार्ग होत. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर मज्जारज्जूचा विकार होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात मुख्यतः पाठीच्या भागातील मज्जारज्जूस शोथ येतो.

दुहेरी दुष्टी
मज्जारज्जू बिघडला की गुडघ्याचा व घोट्याचा जर्क वाढतो. काही रुग्णांत मात्र गुडघ्याचा जर्क तीव्र असूनही घोट्याचा मंद वा लुप्त असतो. पायांत मोज्याप्रमाणे बधिरता, मुंग्या व दाह असतो. अशा वेळी परिघीय मज्जातंतूही बाधित झाल्याची शंका घ्यावी. मज्जातंतू-वहन चाचणीने तिची खात्री होते. केवळ कंपनसंवेदना कमी असणे पुरेसे नाही, कारण ती मज्जारज्जूच्या विकारातही कमी होते. सुश्रुताचार्यांनी वातव्याधीत पंगु, कलायखंज, पाददाह व पादहर्ष ही स्वतंत्र नावे दिली आहेत. एकाच रुग्णात यांपैकी दोन अवस्था एकत्र असू शकतात, हे ध्यानी ठेवावे.

व्यवच्छेदक निदान
विषाणूची प्रतिद्रव्ये सापडली म्हणून मज्जातंतूंची हानी त्यामुळेच झाली असे मानू नये. मधुमेह, मद्यपान व कुष्ठरोग यांचा विचार आधी करावा. आपल्याकडील शाकाहारी रुग्णांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता विशेष तपासावी, कारण तीही मज्जारज्जू व मज्जातंतू दोन्ही बिघडवते आणि वेळीच उपचार झाल्यास बरीच सुधारणा होते. लाखीच्या डाळीच्या दीर्घ सेवनाने होणाऱ्या पंगुत्वात संवेदना बहुधा शाबूत राहतात. सदोष निर्मितीच्या नाग, सोमल वा हरताळयुक्त कल्पांमुळेही मज्जातंतूंची हानी होते. म्हणून रुग्णाने पूर्वी घेतलेल्या औषधांची चौकशी करावी. औषधनिर्मात्यांनीही प्रत्येक घाणीची धातुपरीक्षा करून तिची नोंद ठेवावी.

चिकित्सेतील दक्षता
या विषाणूचा समूळ नाश करणारे औषध उपलब्ध नाही. म्हणून रोग बरा करण्याचे आश्वासन देऊ नये. व्यायामोपचार, मूत्राशयाची काळजी व पायांचे रक्षण यांनी रुग्णाचे जीवन सुसह्य होते. बधिर पायावर तप्त वालुका वा नाडीस्वेद करताना रुग्णाला भाजल्याचे कळत नाही. त्यातून व्रण होऊन चिघळतो. म्हणून उष्णता प्रथम आपल्या हातावर पाहावी आणि बधिर भागी तीव्र स्वेदन टाळावे. पाय रोज पाहण्यास घरच्यांना शिकवावे. लघवी तुंबणे, वेगाने वाढणारे दौर्बल्य किंवा ताप असल्यास रुग्णास मज्जाविकारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

पाय ताठ असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घोट्यावर एकदा हातोडी मारून पाहावी व तळव्याला कापूस लावून पाहावा. यास दोन मिनिटेही लागत नाहीत. मात्र बधिर पाय भाजण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो, अशी आमची वैद्यबंधूंना नम्र सूचना आहे.