मूल शाळेत येईना, तर?

बालशिक्षकाने प्रथम काय शिकावे, ह्याचा हा धडा आहे. सन १९४५ मध्ये ताराबाई मोडक ह्यांनी हल्लीच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावी बालवाडी काढिली. अनुताई वाघ त्यांस साहाय्य करू लागल्या. परंतु गोरगरिबांची लेकरे तेथे येईनात. तेव्हा लेकरांस किंवा आईबापांस दोष न देता ह्या बाईंनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. म्हणून तिला ‘अंगणवाडी’ हे नाव पडले. महाग साधने त्यांनी मागविली नाहीत. शिंपले मोजता मोजता अंक समजले. बिया, खडे व पाने निवडता निवडता रंग व आकार ओळखता आले. सन १९७५ मध्ये निघालेल्या सरकारी बालविकास योजनेच्या केंद्रांसही हेच नाव मिळाले.

विचारासाठी प्रश्न: आपल्या गावचे जे मूल शाळेत येत नाही, त्याचे अंगण शिक्षकाने पाहिले आहे काय?