रिपोर्टात नसलेली फाइल

मी पाहिलेल्या एका बिलिंग प्रकल्पात टेस्ट कव्हरेजचा आकडा नव्वदीच्या पुढे होता. तरीही महिनाअखेरीला व्याज काढणारी स्क्रिप्ट कोसळली. कारण होतं व्हेरिएबलच्या नावातली स्पेलिंगची चूक. ती फाइल रिपोर्टात कधी आलीच नव्हती, कारण एकाही टेस्टने ती इम्पोर्ट केली नव्हती.

पायथनमध्ये अशी चूक सहसा ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत उघडकीला येत नाही, म्हणूनच इथे कव्हरेज मोजणं फार मोलाचं. हे काम बहुतेक ठिकाणी ‘कव्हरेज डॉट पाय’ करतं. गॅरेथ रीस यांनी ते सुरू केलं आणि 2004 पासून नेड बॅचेल्डर यांनी ते वाढवलं, सांभाळलं. प्रोग्रॅम चालताना कोणकोणत्या ओळी चालल्या, याची ते नोंद ठेवतं. फोल्डर नेमून दिलं नाही, तर चाललेल्या फायलीच मोजल्या जातात. तेव्हा सेटिंगमध्ये ‘सोर्स’ म्हणून ते फोल्डर लिहिणं ही पहिली गोष्ट. मग कधीही न चाललेली फाइलही शून्य टक्क्यांसह समोर येते. आकडा घसरतो, आणि तो घसरलेलाच बरा.

पुढचा धोका जास्त फसवा आहे. लीप वर्ष ओळखणारं फंक्शन घ्या. चारने भाग जातो का, शंभरने जात नाही ना, की चारशेने जातो, हे सगळं एकाच ओळीत लिहिता येतं. 2024 देऊन एक टेस्ट चालवली की कव्हरेज शंभर टक्के! पण 1900 लीप वर्ष नव्हतं आणि 2000 होतं, हे कुणी तपासलेलंच नसतं. ब्रँच कव्हरेज जरूर चालू करावं, कारण एल्स नसलेल्या इफची न तपासलेली वाट त्यात दिसते. मात्र ते एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर होणाऱ्या उड्या मोजतं. एकाच ओळीतल्या ‘अँड’ आणि ‘ऑर’च्या आत ते शिरत नाही. तिथे टेस्टची वर्षं माणसानेच विचारपूर्वक निवडावी लागतात.

चाललेल्या ओळीही कधी मोजणीतून सुटतात: स्क्रिप्ट दुसरी प्रोसेस सुरू करत असेल, तर त्या प्रोसेसचं मोजमाप वेगळं चालू करून नोंदी एकत्र कराव्या लागतात.

उलट, टेस्टमध्ये असर्टच, म्हणजे निकाल तपासणारी ओळच नसेल, तरी ओळी ‘चालल्या’ म्हणून मोजल्या जातात. अशी टेस्ट पकडायला एखादी अट मुद्दाम उलटी करून टेस्ट पुन्हा चालवाव्यात. सगळ्या पास झाल्या, तर ती अट कुणी तपासतच नाही. ‘म्युटमट’ हे साधन असे बदल आपोआप करून पाहतं. वेळ बराच घेतं, पण पैशांच्या हिशेबाच्या फायलींवर ते चालवावंच.