नवसात काही राहिलं म्हणून माणूस जातो का?

प्रश्न : माझे यजमान दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. मी रायगडावरच्या शिरकाईला साडीचोळी बोलले, महाडला वीरेश्वराच्या छबिन्याला अनवाणी गेले, सोमवार धरले. तरी ते गेल्या पावसाळ्यात गेले. दिवसकार्याला आलेल्या एक नातेवाईक बाई म्हणाल्या, "नवसात काहीतरी राहिलं असणार." तेव्हापासून देवापुढे बसवत नाही. दिवा लावते तो हाताच्या सवयीने. देव ऐकतच नसेल तर विश्वास ठेवायचा कशावर? आणि बोललेला नवस आता फेडायचा की नाही?
– एक वाचक भगिनी, पाचाड (ता. महाड)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. नवस बोलीवर असतो. अमुक झालं तर तमुक करीन, अशी ती बोली. ते झालं नाही, म्हणून तुमच्या डोक्यावर कसलंही देणं नाही. शिरकाईची ओटी भरावीशी वाटली तर मायेने भरा, नाही वाटली तर भरू नका. देवी काही तगादा लावणारी सावकारीण नव्हे.

आता त्या बाईंचं वाक्य. ते त्या वाईट मनाने बोलल्या नसतील. दुसऱ्याच्या घरातल्या मरणाला कारण सापडलं की आपलं घर सुरक्षित वाटतं, म्हणून माणसं कारण शोधत बसतात. पण ते वाक्य खोटं आहे, आणि तुमच्या तालुक्याइतकं ते कुणाला ठाऊक असायला हवं? 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महाड शहरात एक पाच मजली इमारत कोसळली. सुमारे 19 तासांनी ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. सगळ्यांच्या तोंडी एकच, देव तारी त्याला कोण मारी. तो आनंद खराच होता. पण त्याच इमारतीत 16 माणसं गेली. त्यांच्यासाठी त्या रात्री कुणी हात जोडले नव्हते? कुणी दुवा मागितली नव्हती? पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, तुमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. ऐंशीच्या वर माणसं गेली. वाचलेल्यांची भक्ती पक्की आणि गेलेल्यांची कच्ची, असं तळियेच्या माणसांसमोर उभं राहून म्हणायची कुणाची हिंमत आहे? मग ते तुमच्या दारात म्हणायचा अधिकारही कुणाला नाही.

भक्तीच्या हिशेबाचा प्रश्न आला की मला चोखोबा आठवतात. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त, पण जन्म महार जातीतला, म्हणून आयुष्यभर देवळाबाहेर. देव जवळून दिसावा एवढंच मागणं, आणि तेही पुरं झालं नाही. शेवट कसा झाला, तर 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं, ती भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. त्या नातेवाईक बाईंचा न्याय लावायचा तर चोखोबांच्या भक्तीत मोठीच खोट निघायला हवी. संतांनी काय केलं? नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी गोळा केल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. काय चुकलं, काय राहिलं, असला शब्दही कुठे नाही. हाडं वेचली आणि घरी आणली.

चोखोबांचा मुलगा कर्ममेळा तर देवाला सरळ जाब विचारतो. आम्हाला या हीन गणलेल्या जन्मात का घातलंस, आमच्या वाट्याला हे का, असं त्याचं कडू बोलणं आहे. वारकऱ्यांनी ते अभंग लपवले नाहीत, गाळले नाहीत. संतांच्या गाथेत, स्तुतीच्या अभंगांशेजारी, ते सन्मानाने बसले आहेत. ताई, तुम्हाला देवापुढे बसवत नाही म्हणजे तुमची श्रद्धा संपली, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. ज्याच्यावर विसंबलोच नाही त्याच्यावर आपण इतके रुसत नाही.

चोखोबांची गोष्ट तिथे थांबत नाही, म्हणून आणखी थोडं सांगते. 1 मे 1947 ला आपल्या कोकणातले, पालगडचे साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं झालंच पाहिजे, एवढीच मागणी. दहाएक दिवसांनी ते सुटलं आणि मंदिर खुलं झालं. चोखोबांनी मागितलं त्याला सहाशे वर्षं होऊन गेली होती. मी त्याला देवाचं उत्तर मानते, माणसांच्या हातून आलेलं. पण चोखोबांना स्वतःला ते मिळालं नाही, हेही मी विसरत नाही. तुमच्या महाडातच 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसं चवदार तळ्यावर चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. ज्या पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या विनवण्या झाल्या असतील, तिथे अखेर माणसांनाच पावलं उचलावी लागली. काही मागण्या देवापुढे कितीही मांडल्या तरी अडून राहतात, कारण वाट अडवून माणूस उभा असतो. तुमचं मागणं त्या प्रकारचं नव्हतं. आजाराला जाब विचारता येत नाही, आणि म्हणूनच ते जास्त जड जातं.

तुम्ही पाचाडच्या, म्हणजे जिजाऊंच्या समाधीवरून तुमचं रोजचं येणं-जाणं. कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की बघा, आऊसाहेबांनी भरवसा सोडला नाही म्हणून त्यांना राज्याभिषेक पाहायला मिळाला. मला हे सांगणं पटत नाही. 1629 मध्ये दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात त्यांचे वडील लखुजीराव आणि भाऊ मारले गेले. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला पडला. जानेवारी 1664 मध्ये शहाजीराजे गेले. तेव्हा त्या सती जायला निघाल्या होत्या आणि शिवरायांनी विनवून त्यांना मागे फिरवलं, असं बखरीत आहे. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला आणि 17 जूनला पाचाडातच त्यांनी डोळे मिटले. ते अकरा दिवस म्हणजे आधीच्या सगळ्या दुःखांची भरपाई, असं म्हणणं त्या बाईवर अन्याय आहे. वडिलांसाठी, लेकासाठी, नवऱ्यासाठी त्यांनी काय मागितलं होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला त्यांच्याकडे पाहताना दिसतात ती शहाजीराजांनंतरची दहा वर्षं. महाराज आग्र्याला अडकले तेव्हा, 1666 मध्ये, मागे राज्याची देखरेख त्यांच्याकडे होती. कुंकू पुसल्यावर माघारी फिरलेली बाई पुन्हा कामाला लागली. तो भरवसा मला राज्याभिषेकापेक्षा मोठा वाटतो.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मी माझ्यापुरतं सांगते. मागितलं ते मिळेल, यावर माझा विश्वास नाही. न मिळाल्यावरही ज्याच्याशी बोलता येतं, तो आहे, यावर आहे. तुकोबांची थोरली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली. धंदा बुडाला, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली. हे सगळं त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय. त्यानंतर त्यांनी काय केलं, तर पडकं झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. आणि त्या देवाशी ते आयुष्यभर भांडले, अगदी कठोर शब्दांत भांडले. दोन्ही एकाच माणसाने केलं. तुम्हीही बसा देवापुढे, पण पोथी उघडू नका. ‘माझ्या माणसाला का नेलंस’ एवढंच म्हणायचं असेल तर तेवढंच म्हणा, रोज म्हणा, मोठ्याने म्हणा. आणि तेही जमत नसेल तर काही दिवस बसू नका. दिवा हाताच्या सवयीने लागतोय, तो लागू दे. आपल्याला जमेना तेव्हा सवयच आपल्याला धरून ठेवते, आणि त्यात काही खोटं नाही.

आणि एक, हे श्रद्धेच्या बाहेरचं आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. जेवण जात नसेल, झोप लागत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर महाडला डॉक्टरांना दाखवा. तिथवर जाणं होत नसेल तर 14416 या क्रमांकावर फोन करा. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. यजमानांना औषधपाणी केलंत तेव्हा देवावरचा विश्वास कमी झाला होता का? तसंच हेही.